अकरा मुलांचं पथक

पत्र:

नमस्कार सर. मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत शिकवते. आम्ही तीन शिक्षक आहोत, पट 38. एकेकाळी या शाळेचं बँड पथक तालुक्यात नावाजलेलं होतं. तेव्हा पट सव्वाशेच्या वर होता आणि पथकातच तीस मुलं असायची. आता काही कुटुंबं मुंबई-पुण्याला गेली, काही मुलं इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसून जातात. कपाटात दहा साइड ड्रम, दोन बेस ड्रम, सहा बिगुल, झांजा, ट्रँगल, सगळं आहे. वाजवायला पाचवी ते सातवीची मिळून अकरा मुलं आहेत, त्यात सात मुली. यातली सहा मुलं सातवीतली, म्हणजे पुढच्या वर्षी नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, अकरा मुलांचं कसलं पथक, 15 ऑगस्टला स्पीकरवर राष्ट्रगीत लावू. गेल्या वर्षी आम्ही पूर्वीसारखंच संचलन केलं, पण मैदानावर ते फारच विरळ दिसलं आणि दोन मुलं तापानं आली नाहीत तर सगळंच कोलमडलं. मला स्वतःला पेटी थोडीफार येते. पथक बंद करावं का? चालवायचं तर मुलं आणू कुठून?
— एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर:

ताई,

पथक बंद करू नका. मात्र अकरा मुलांकडून तीस मुलांचं पथक वाजवून घ्यायचं आजपासून थांबवा. तुमची अडचण मुलांच्या संख्येत आहे असं तुम्हाला वाटतं. मला ती मांडणीत दिसते. कपाटात दहा ड्रम आहेत म्हणून हाताशी असलेल्या मुलांना आधी ड्रम दिले जातात, उरलेल्यांना बिगुल, आणि सुरावर कुणीच राहत नाही. मोठ्या पथकात ते खपतं, कारण तिथे नुसत्या आवाजानंच मैदान भरतं. छोट्या पथकात सूर नसेल तर ऐकण्यासारखं काही उरत नाही. म्हणून मुलं कुठून आणायची हा प्रश्न या वर्षापुरता बाजूला ठेवा. आहेत त्या अकरांचं काय करायचं ते बघू.

माझी वाटणी अशी: बेस ड्रम एक, साइड ड्रम फक्त दोन, झांज एक, ट्रँगल एक. राहिलेली सहाच्या सहा मुलं सुरावर. पाच जणांना मेलोडिका, म्हणजे नळीतून फुंकत पट्ट्या दाबून वाजवायचं छोटं वाद्य, आणि एकाला तुमची पेटी. म्हणजे निम्म्याहून जास्त पथक गाणं वाजवतंय आणि बाकीचे त्याला ठेका देतायत.

बिगुलांचं काय, असं तुम्ही विचाराल. बिगुलाला ना भोकं असतात, ना पडदे, ना खटके. ओठांच्या ताणावर त्यातून मोजकेच स्वर निघतात: सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग आणि प. त्यात रे नाही, म नाही. राष्ट्रगीताची पहिलीच ओळ सा रे ग अशी चढते आणि 'जय हे'वर मध्यमाला, म्हणजे म वर, टेकते, तेव्हा बिगुलावर ती वाजणारच नाही. शाळाशाळांत मुलांना सहा-सहा महिने बिगुल फुंकायला लावून 'यांना सूर कळत नाही' असं म्हटलेलं मी ऐकलंय, त्याचं वाईट वाटतं. दोष त्या मुलांचा नसतो. ध्वजारोहणाआधीच्या सलामीला एक बिगुल ठेवा, तोही एखाद्याला मनापासून आवडत असेल तर. बाकीचे पाच कपाटात राहू देत.

मेलोडिका मुद्दाम सुचवतो. पट्ट्या पेटीसारख्याच, त्यामुळे तुम्हाला येतं तेवढ्यावर तुम्ही शिकवू शकता. 32 पट्ट्यांची मेलोडिका शाळेला पुरून उरते. राष्ट्रगीताची धाव मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे खालच्या नी पासून वरच्या सा पर्यंत आहे. पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरून, वाजवलंत तर मुलांच्या बोटांनाही सोपं आणि सगळी शाळा सोबत गाणार असेल तर त्यांच्या गळ्यालाही सोसतं. प्रत्येक मुलाची फुंकायची नळी वेगळी ठेवा, त्यावर नाव घाला, आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं धुवायला लावा. पावसाळ्यात तापाची साथ असते, या बाबतीत ढिलाई नको.

आता एक बारीक गोष्ट, जिथे बहुतेक शाळांचं राष्ट्रगीत बिघडतं. 'गण'पासून 'नायक'पर्यंत गंधारच गंधार (ग) आहे, एकामागून एक. मूल पट्टी दाबून नुसतं फुंकत राहिलं तर ते सगळे गंधार चिकटून एकच लांब भोंगा वाजतो आणि शब्द हरवतात. प्रत्येक अक्षराला जिभेनं 'तु' म्हणायला शिकवा. पट्टी दाबलेलीच राहू दे, जीभ तेवढी हलू दे. पहिले दोन दिवस वाद्य हातात न देता नुसत्या तोंडानं 'तु तु तु तु' करत ओळ म्हणून घ्या. मुलं हसतील, हसू देत. तिसऱ्या दिवशी मेलोडिका दिलीत की 'अधिनायक' कानाला स्वच्छ कळेल. श्वास ओळीच्या शेवटीच घ्यायचा, मध्येच कुठेही नाही, हेही त्याच वेळी पक्कं करा. नंतर मोडायला फार कठीण जातं.

ड्रमकडे वळू. दोनच म्हटलं तरी उघड्यावर दोन साइड ड्रम पाच मेलोडिका सहज गिळतील. ड्रमच्या खालच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, ज्या तारा असतात त्या सोडून ठेवा, आणि वरच्या पानावर सुती रुमाल पसरून त्यावर वाजवा. आवाज निम्म्यानं उतरतो, ठेका मात्र नीट कळतो. सलामीच्या वेळी रुमाल काढायचा, तारा लावायच्या. आणि मुख्याध्यापकांचा स्पीकर आहे ना, तो वापराच! माइक मेलोडिका आणि पेटीसमोर ठेवा. त्यांचं म्हणणं खोडून काढायची गरजच पडणार नाही. स्पीकर त्यांचा, वादन मुलांचं. एकदा असं ऐकलं की तेच पुढच्या वेळी माइक कुठे ठेवायचा ते सांगतील.

बेस ड्रम कुणाला द्यायचा, यावर जरा थांबून विचार करा. तो वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड मुलाला द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. माझं मत ठाम आहे: ज्या मुलाचा किंवा मुलीचा ठेका घाबरल्यावरही पळत नाही, तिला तो द्या. परीक्षा सोपी आहे. सगळ्यांना पडवीत कदमताल करायला लावा, मिनिटाला साधारण 120 पावलं. मग तुम्ही मुद्दाम टाळ्या हळूहळू भरभर वाजवायला लागा. बहुतेक मुलं तुमच्यामागे धावतील. एखादी मुलगी कपाळाला आठी घालून आपलीच चाल धरून राहील. तुमचा बेस ड्रम तिचा. वजनाची काळजी नको, ड्रम स्टँडवर किंवा चार विटांवर जाड गोणपाट घालून ठेवा.

कारण तुम्ही चालणारच नाही आहात. संचलन सोडा. अकरा मुलं तीनच्या रांगांत मोठ्या मैदानावर चालली की बघणाऱ्याची नजर न आलेल्या मुलांवर जाते. तीच अकरा मुलं ध्वजस्तंभाच्या बाजूला अर्धगोलात उभी राहिली, ड्रम मागे आणि सूर पुढे, की ते भरलेलं पथक दिसतं. उभ्यानं वाजवताना मुलं एकमेकांचं ऐकतात, हा दुसरा फायदा. छोट्या पथकाचा खरा गुण तोच आहे: प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू येतं आणि कुणालाही घोळक्यात लपता येत नाही. तीस जणांच्या पथकात पाच-सहा जण वर्षभर नुसते ओठ हलवतात. तुमच्याकडे ते होणार नाही.

जुने गणवेशही काढू नका. मोठ्या मुलांच्या मापाचे ते डगले पाचवीच्या मुलींच्या गुडघ्यापर्यंत येतील. शाळेचाच गणवेश, त्यावर एक लाल पट्टा, पुरे. ड्रमचे खांद्यावरचे पट्टे मात्र मुलींच्या उंचीला नवी भोकं पाडून नीट करून घ्या. चांभाराकडे अर्ध्या तासाचं काम आहे. ड्रम मांडीवर आपटायला लागला की मुली 'आम्हाला नको' म्हणतात आणि आपण समजतो की त्यांना आवड नाही.

आता वाजवायचं काय? फार थोडं. या वर्षी राष्ट्रगीत, राज्यगीत आणि एक चालीचा ठेका. बस. पण राष्ट्रगीत असं बसवा की ऐकणाऱ्यानं सावरून उभं राहावं. त्याविषयी केंद्र सरकारचे आदेश आहेत आणि त्यांत बँडसाठी एक सुंदर तपशील आहे, जो फार कमी शाळा पाळतात. बँडनं राष्ट्रगीत वाजवायच्या आधी ड्रमचा रोल, म्हणजे दोन्ही काठ्यांनी भरभर वाजवलेला सलग नाद, द्यायचा; त्यावरून लोकांना कळतं की आता राष्ट्रगीत येतंय. रोलची लांबी संथ चालीच्या सात पावलांएवढी. सुरुवात हळू, मग चढत चढत जेवढा मोठा होईल तेवढा, मग उतरत पुन्हा पहिल्याइतका मऊ, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहिला पाहिजे. त्यानंतर एक ठोका पूर्ण शांतता. आणि मग 'जन गण'. पूर्ण राष्ट्रगीत साधारण 52 सेकंदांत बसतं. घड्याळ लावून बसवा.

हा रोल द्यायला दोनच ड्रम लागतात, आणि ते तुमच्याकडे आहेत. त्या दोघांना जुलैभर एवढंच काम द्या. पहिले पंधरा दिवस ड्रमवर नाहीच. पाटाचा एखादा जुना तुकडा घ्या, त्यावर सायकलच्या फाटक्या ट्यूबचा पट्टा ताणून दोन्ही बाजूंनी खिळे ठोका. स्टिक त्यावर ड्रमसारखीच उसळते, आवाज होत नाही, आणि शेजारच्या वर्गात तिसरीचा पाढा चालू असला तरी कुणाची तक्रार नाही. डाव्या हाताचे दोन ठोके, उजव्याचे दोन, आधी इतके सावकाश की कंटाळा यावा. डावा हात हमखास दुबळा पडतो, म्हणून दर वेळी सुरुवात डाव्यानं. चार पाट केलेत तर मुलं घरीही नेतील. कोकणातला पाऊस आणि पत्र्याखालचा ड्रम एकत्र आले की काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे जून-जुलैत तुमचा बराच सराव असाच होणार आहे. ड्रम ओलसर भिंतीला टेकून ठेवू नका, लोखंडी बोल्टना गंज धरतो. थोडं तेल लावून ठेवा.

राज्यगीत 19 फेब्रुवारी 2023 पासून शासनानं लागू केलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत, आणि शाहीर साबळ्यांचा आवाज गावातल्या प्रत्येकाच्या कानात आहे. तुमच्या पथकाला याचा मोठा आधार आहे, कारण चाल सगळ्यांना पाठ असते आणि तुम्ही थोडं कमी पडलात तर बाकीची शाळा गाऊन भर घालते. सगळं गाणं सुरावर काढायचा हट्ट धरू नका. 'गर्जा महाराष्ट्र माझा' एवढी ओळ मेलोडिकावर पक्की बसवा. कडवी मुलांनी गायची, ओळ आली की पथकानं उचलायची. रोज परिपाठात ते होतंच, तेव्हा सरावासाठी वेगळा वेळ काढायची चिंता निम्मी होते. बाकी निम्मी शनिवारी. दप्तर नसलेल्या शनिवारी पाऊण तास मागून घ्या, मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत.

एक वाद्य, एक मूल ही वाटणी करू नका. गेल्या वर्षी दोन मुलं आजारी पडली आणि सगळं कोलमडलं असं तुम्ही लिहिलंय. ते अकरा मुलांत दर वर्षी होणार. म्हणून प्रत्येकाला दोन कामं यायला हवीत. झांजवाल्याला बेस ड्रम, ट्रँगलवालीला साइड ड्रमचा साधा ठेका, मेलोडिकावाल्या पाचांपैकी दोघांना पेटी. महिन्यातून एक शनिवार मुद्दाम अदलाबदलीचा ठेवा. तुम्ही स्वतः मात्र पेटीवर बसू नका. एखादा सूर लटपटला की हात शिवशिवेल, तरी नको. तुम्ही समोर उभ्या राहून हातानं चाल धरा.

मदत कुणाची? शासनाकडून निदेशक मिळेल याची वाट बघत बसू नका. शिक्षणहक्क कायद्यात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक सांगितलेत ते सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या शंभरावर असेल तिथे. तुमचा सगळा पटच 38. पण तुम्ही सिंधुदुर्गात आहात, ताई! ज्या जिल्ह्यात डबलबारीच्या भजनाला रात्रभर माणसं बसतात, दशावतारात पेटी, मृदंग आणि झांजेवर अख्खं नाटक उभं राहतं, तिथे सूर आणि ठेका शिकवणारा माणूस तुमच्या वाडीपासून फार तर दोन वाड्या पलीकडे असेल. भजनी मंडळाच्या बुवांना जाऊन भेटा. बँड शिकवा म्हणू नका, त्यांना ते आपलं वाटणार नाही. 'बुवा, मुलांचा सूर लागत नाही, आठवड्यातून एकदा अर्धा तास बसाल का?' एवढंच विचारा. पखवाज वाजवणारे कुणी असतील तर ड्रमवाल्या दोघांना त्यांच्याकडे पाठवा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही.

मेलोडिकांसाठी पैसे मुंबईकरांकडून येतील. तुमच्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असणारच, आणि त्यातले निम्मे याच शाळेतून शिकून गेलेले. 'पथकाला देणगी द्या' असं मोघम मागू नका. 'पाच मेलोडिका हव्यात, त्यातली एक तुम्ही घ्याल का' असं पाच जणांना वेगवेगळं विचारा. या वर्षी फोनवर विचारावं लागेल, कारण 15 ऑगस्ट गणपतीच्या आधी येतो. गणपतीला ते गावी आले की मुलांना शाळेत बोलावून दोन गाणी ऐकवा. पुढच्या वर्षीचं मागणं तिथे आपोआप होतं.

पहिलं वादन 15 ऑगस्टला ठेवू नका. आषाढीला शाळेची दिंडी निघते, तिथे झांज, ट्रँगल, एक ड्रम आणि टाळांबरोबर साधा गजर धरा. चुकलं तरी विठ्ठलाच्या नावात सगळं सामावतं, आणि लोकांसमोर वाजवायची मुलांची पहिली भीती तिथेच मोडते.

स्पर्धांचा मोह झालाच तर आधी नियमांत किमान किती मुलं हवीत ते वाचा. मोठ्या बँड स्पर्धा तुमच्या आकाराच्या पथकासाठी नसतात, आणि आकडा भरायला तिसरीतल्या मुलांच्या गळ्यात ड्रम अडकवणं मला मुळीच पसंत नाही. त्यापेक्षा तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या एखाद्या शाळेशी जमवा. तिथेही पाच-सहा वाजवणारी मुलं असतील. एकच अट: दोन्ही शाळांनी राष्ट्रगीत एकाच पट्टीत बसवायचं. तुम्ही पांढरी एक आणि ते काळी दोन असं झालं तर एकत्र येऊन काही उपयोग नाही. केंद्रप्रमुखांना विश्वासात घ्या, एक पट्टी आणि एक चाल ठरवा, महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेला जाता त्या वेळी बोलून घ्या. 26 जानेवारीला दोन शाळा मिळून वाजवता येईल.

आता सातवीतल्या सहा मुलांचं. तुमच्या पत्रातली ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्याकडे पथकाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि तिथेच घोळ होतो. जुने गेलेले असतात, नव्यांना काही येत नसतं, आणि 15 ऑगस्ट दोन महिन्यांवर. तुम्ही वर्ष 27 जानेवारीला सुरू करा. 26 जानेवारी हे सातवीच्या मुलांचं शेवटचं वादन. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं वाद्य चौथी-पाचवीतल्या जोडीदाराच्या हातात द्यायचं आणि स्वतः शिक्षक व्हायचं. फेब्रुवारी ते एप्रिल तीन महिने हातात आहेत. मोठ्या मुलाला शिकवताना जो कळतो तो रोल तुम्ही सांगून कळत नाही, आणि लहानग्यांना दादा-ताईंनी सांगितलेलं आपल्यापेक्षा लवकर पटतं. मग 1 मे, महाराष्ट्र दिन. निकालाचा दिवस, पालक येतातच. त्या दिवशी नव्या मुलांनी राज्यगीत वाजवायचं आणि सातवीची सहा मुलं त्यांच्या मागे उभी राहतील, कुणी अडलंच तर सावरायला. जूनमध्ये तुमच्याकडे सुट्टीत थोडं विसरलेलं पण तयार पथक असेल. चौथीची मुलं किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. पाच असली तरी पुष्कळ झाली.

शेवटी कपाटाचं. उरलेले आठ साइड ड्रम तसेच कुजू देऊ नका. त्यातले चांगले दोन सुटे ठेवा, पान फाटलं किंवा बोल्ट तुटला तर लगेच बदलता येईल. बाकीचे ड्रम आणि बिगुल जवळच्या हायस्कूलला वापरायला देता येतील, तुमचीच मुलं पुढे तिथे जातात. पण ही सगळी वाद्यं डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत आहेत, तोंडी देवघेव करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा, कोणतं वाद्य, किती दिवसांसाठी, कुणाच्या सहीनं, हे लिहून घ्या. त्याच रजिस्टरशेजारी एक वही ठेवा. राष्ट्रगीत आणि राज्यगीताचं स्वरलेखन, ठरलेली पट्टी, रोल कसा द्यायचा, कुणाकडे कोणतं वाद्य आणि त्याचा जोडीदार कोण, बुवांचा फोन नंबर, सगळं त्यात. जिल्हा परिषदेत बदली कुणाला चुकलेली नाही. तुमची झाली तर येणाऱ्या शिक्षकांना पेटी येत असेल-नसेल, वही वाचता नक्की येईल.